अंगाला टोचणारा गणवेश, मे महिन्यातली हुडी आणि सात एकसारखे कुर्ते

स्वमग्न (म्हणजे ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आणि मोठ्यांच्या कपड्यांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. उत्तरं ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी उपचारपद्धती) आणि शिवणकाम या दोन्ही बाजूंनी विचार करून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. यंदा पहिलीत गेला. घरी जुना बनियन आणि चड्डीवर दिवसभर मजेत असतो. गणवेश घातला की दहा मिनिटांत शर्ट काढून फेकतो. मोजे तर पायात टिकतच नाहीत. शाळेतल्या बाई म्हणतात, घरी शिस्त लावा. काय करू?
– एक आई, नाशिक

शिस्तीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. नेमकं काय टोचतंय आणि कुठे, हे आधी शोधायचं आहे. एका साध्या शर्टात कितीतरी गोष्टी कातडीला लागत असतात : मानेमागचं लेबल, कुशीतलं धुलाईच्या सूचनांचं लेबल, खांद्याची आणि बगलेची इंटरलॉक केलेली शिवण, कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम, बटणपट्टीची आतली कड, खिशावरच्या बिल्ल्याच्या भरतकामाची उलटी बाजू आणि खुद्द कापड.

सुट्टीच्या दिवशी, मुलाचं पोट भरलेलं असताना, एकेक गोष्ट तपासा. शर्ट उलटा करून घालायला द्या. उलटा चालला तर दोष शिवणीत किंवा लेबलात आहे. उलटाही नको असेल तर कापडाकडे किंवा कॉलरकडे बघा. मग आत मऊ सुती बनियन घालून वर शर्ट घाला. त्यावर चालला, पण हात सारखा मानेशी जातोय, तर कॉलर. न बोलणाऱ्या मुलाचा हात कुठे जातो, तो कुठे खाजवतो, कोणता खांदा वर उचलतो, हेच त्याचं उत्तर समजा.

गणवेशाचं कापड बहुधा टेरिकॉट असतं. त्यात पॉलिस्टर जास्त, सूत कमी. ते चुरगळत नाही आणि रंग धरून ठेवतं म्हणून शाळांना सोयीचं पडतं, पण घाम फारसा शोषत नाही. ओलं कापड पाठीला चिकटतं आणि मुलाला ते क्षणाक्षणाला जाणवत राहतं. शिवाय नव्या कापडावर खळ असते. सुरकुती न पडणाऱ्या सुती कापडावर तर फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेचा हात दिलेला असू शकतो. त्यामुळे नवा शर्ट दुकानातून आणून थेट अंगात घालू नका. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, नेहमीच्या निम्म्या पावडरीत धुवा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा आणि हेच चार-पाच वेळा करा. बोअरचं जड पाणी असेल तर पावडर कापडात अडकून राहते आणि शर्ट वाळल्यावर पापडासारखा कडक होतो. अशा वेळी शेवटच्या बादलीत, साधारण १५ लिटर पाण्यात, पाव कप पांढरं व्हिनेगर घाला. वाळल्यावर त्याचा वास राहत नाही. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर मात्र टाळा. तो धाग्यावर थर देतो, कापडाची घाम टिपण्याची ताकद कमी करतो, आणि त्याचा वासच काही मुलांना शर्टापेक्षा जास्त छळतो.

एवढं करूनही भागलं नाही तर त्याच रंगाचं शंभर टक्के सुती पॉपलिन किंवा केंब्रिक आणून शर्ट शिवून घ्या. या वयाच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरतं. कापड आटतं, म्हणून बेतण्याआधी दोनदा धुऊन घ्या. शिंप्याला तीन गोष्टी सांगा : सुती दोरा, कॉलरमध्ये बकरम नको, आणि कुशीला व खांद्याला फ्रेंच शिवण. ही शिवण अशी : कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून दोन सुतांवर (म्हणजे पाव इंचावर) पहिली शिलाई, मग कड एका सुतापर्यंत छाटायची, कापड उलटून पुन्हा दोन सुतांवर दुसरी शिलाई. सगळे दशा-धागे आत बंद होतात. त्यासाठी प्रत्येक कडेला अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जास्तीचं कापड, ठेवायला लागते, हे बेततानाच सांगा, नाहीतर शर्ट अंगाला घट्ट होईल. बगलेच्या गोलाईत ही शिवण फुगते आणि नवाच त्रास सुरू होतो. तिथे मलमलची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावून कड झाकणं बरं.

तयार शर्टाचं लेबल कात्रीने कापू नका. शिवणीत त्याचा बारीक खुंट राहतो, आणि तो अख्ख्या लेबलापेक्षा जास्त टोचतो. टाके सुईने किंवा ब्लेडने उसवून लेबल पूर्ण काढा. ते मूळ शिवणीतच गुंतलेलं असेल तर तेवढी दीड इंच शिवण उसवून परत घाला.

मोज्यांचा त्रास बहुधा बोटांवरच्या आडव्या शिवणीचा असतो. मोजे उलटे घातले की ती शिवण बाहेर जाते. बुटात कुणाला दिसत नाही. एक माप मोठे मोजे घेऊ नका, टाचेखाली सुरकुती जमते. मोजा काढल्यावर इलॅस्टिकचा लाल वळ अर्ध्या तासानंतरही दिसत असेल तर ते घट्ट आहेत.

शाळेचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात स्वमग्नता समाविष्ट आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यावी, असं त्याचं कलम १६ सांगतं. अर्ध्या पानाचं पत्र लिहा : रंग आणि नमुना शाळेचाच, कापड सुती, टाय आणि पट्ट्यातून सूट, बुटांऐवजी काळ्या सँडल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर प्रत जोडा. आणि शिवलेला शर्ट सोबत न्या. तीन फुटांवरून तो बाकी मुलांच्या शर्टांसारखाच दिसतो, हे मुख्याध्यापकांना डोळ्यांनी दिसलं की निम्मी चर्चा तिथेच मिटते.

प्रश्न : माझी नात स्वमग्न आहे. सूनबाई तिच्यासाठी प्रत्येक कपड्याची लेबलं उसवत बसतात, ठरावीक दोनच फ्रॉक घालतात. आमच्या काळी मांजरपाट घालूनही मुलं वाढली. रोज थोडं थोडं घातलं तर सवय होणार नाही का? हे लाड तर होत नाहीत ना?
– एक आजोबा, सातारा

आजोबा, तुम्ही मोकळेपणाने विचारलंत हे फार चांगलं केलंत. सवय होते, हा तुमचा अनुभव बहुतेक माणसांच्या बाबतीत खरा आहे. आपण घड्याळ बांधतो आणि दोन मिनिटांनी मनगटावर काही आहे हे विसरून जातो, कारण मेंदू तीच ती सूचना हळूहळू दाबून टाकतो. स्पर्शाची अतिसंवेदनशीलता असलेल्या बऱ्याच स्वमग्न मुलांत हे दाबणं नीट होत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी मुलांच्या हातावर खरखरीत लोकरी कापड घासलं, सोबत गोंगाट ऐकवला, आणि त्या वेळी मेंदूत काय चालतं ते स्कॅनमध्ये पाहिलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या स्वमग्न मुलांची संवेदनशीलता तीव्र होती त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद वेळ जाईल तसा इतरांसारखा ओसरला नाही. तुमच्या नातीला फ्रॉक सकाळी आठला जितका टोचतो, तितकाच दुपारी बारालाही टोचत असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये स्वमग्नतेच्या निदानाचे निकष सुधारले, तेव्हा संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे त्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

जबरदस्तीने घातलं तर सवय कपड्याची होत नाही. कपडे घालायच्या वेळेची धास्ती मात्र बसते. नवं कापड ओळखीचं करायचंच असेल तर सूत्रं नातीच्या हातात द्या. आधी त्याचा तुकडा खेळण्यात ठेवा. मग तो तिने स्वतःच्या हातावर फिरवावा. मग खेळताना पाच मिनिटं अंगात, आणि 'बास' म्हटलं की लगेच काढायचं. हलक्या, गुदगुल्या करणाऱ्या स्पर्शापेक्षा तळहाताचा दाबून दिलेला स्पर्श बऱ्याच मुलांना सोसतो, म्हणून तिला कपडे घालताना बोटांच्या टोकांनी चाचपडू नका.

एक गोष्ट मात्र नक्की बघा. कालपर्यंत चालणारा फ्रॉक आज अचानक नकोसा झाला तर घामोळं, गजकर्ण, इसब, लघवीच्या जागी जळजळ असं काही आहे का ते तपासा. सांगता न येणारी मुलं दुखणं कपड्यावर काढतात.

प्रश्न : पंधरा वर्षांचा मुलगा भर मे महिन्यात जाड हुडी घालून फिरतो. ४५ अंशांतही काढत नाही. घाम निथळतो, पण 'गरम होतंय' असं कधीच म्हणत नाही. ओढून काढायला गेलं की आरडाओरडा होतो.
– एक वाचक, नागपूर

ओढून काढू नका. हुडी त्याच्यासाठी काहीतरी काम करत असते, आणि ते काम दुसऱ्या कशाने तरी होईपर्यंत ती सुटणार नाही. ती चार कामं करत असू शकते. टोपी डोळ्यांवरचा उजेड आणि कानांवरचा आवाज कमी करते. जाड कापडाचं वजन खांद्यांवर दाब देतं. लांब बाह्या दंडांवर परक्या माणसाचा, वाऱ्याचा, उन्हाचा स्पर्श होऊ देत नाहीत. आणि ती रोजची, ओळखीची आहे. घरी एकटा, पडदे ओढलेल्या शांत खोलीत असताना तो टोपी डोक्यावरून खाली घेतो का? घेत असेल तर काम उजेड-आवाजाचं. कुशीत उशी घट्ट धरून बसतो, पांघरुणाच्या ओझ्याखालीच झोपतो? मग दाबाचं.

उजेड-आवाजासाठी चोच असलेली सुती टोपी आणि आवाज दाबणारे हेडफोन. दाबासाठी अंगाला घट्ट बसणारा, बिनबाह्यांचा, सूत आणि थोडा लायक्रा असलेला बनियन, वर सैल टी-शर्ट. वजन भरलेले जॅकेट विकत घेण्याआधी थांबा. त्यांचा ठोस फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात ते अंगावर आणखी एक ओझं होईल. स्पर्श टाळण्यासाठी, हुडीच्याच मापाची, त्याच रंगाची, टोपी आणि पुढचा खिसा असलेली हुडी पातळ सुती कापडाची शिवून घ्या. बाजारातल्या जाड हुडीचं कापड अनेकदा ३०० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या) वर असतं. १४० ते १६० जीएसएमचं सुती होजिअरी घेतलंत तर वजन निम्म्यावर येतं. खिसा विसरू नका. हात कुठे ठेवायचे हा प्रश्न तो खिसा सोडवतो, आणि नव्या हुडीत तो नसला की ती नाकारली जाते. नवी हुडी जुनीसोबत आठवडाभर एकाच खुंटीला, एकाच धुण्यात ठेवा, म्हणजे वासही एक होईल.

'गरम होतंय' असं तो म्हणत नाही, त्याला कारण आहे. बऱ्याच स्वमग्न माणसांना तहान, उकाडा, थंडी अशा शरीराच्या आतल्या खुणा उशिरा किंवा पुसट कळतात. म्हणून त्याच्या जाणिवेवर विसंबू नका, आकडा ठरवा : मोबाइलवर ३५ अंश दिसले की पातळ हुडी, ४० च्या वर दुपारी बाहेर जायचं नाही, दर अर्ध्या तासाने गजर आणि एक पेला पाणी. नियम त्याच्यासोबत बसून लिहा आणि दारामागे लावा. आकड्याचा नियम घरातल्या सगळ्यांना सारखा असेल तर त्यावर फारसा वाद होत नाही. गरगरणं, उलटी, असंबद्ध बोलणं, अंग तापणं असं काही दिसलं तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा मात्र हुडी कात्रीने कापून काढावी लागली तरी काढा, सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

प्रश्न : वय ३१, आयटीत नोकरी. दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. माझ्याकडे एकाच कंपनीचे सात एकसारखे कुर्ते आहेत. आता कंपनीने कापड बदललं आणि नवे कुर्ते मला घालवत नाहीत. सासूबाई म्हणतात, 'अगं, जरा नटत जा.' मला रंग, खण, इरकलचे काठ मनापासून आवडतात, पण दुकानात गेलं की डोकं बधिर होतं.
– एक वाचक, पुणे

सात एकसारखे कुर्ते ही उत्तम व्यवस्था आहे. ती मोडायची नाही, कंपनीच्या हातून आपल्या हातात आणायची आहे.

सातांपैकी सर्वांत जीर्ण कुर्ता बळी द्या. तो उसवून शिंप्याकडून कागदावर साचा काढून घ्या. उसवलेल्या कापडाचा चार इंचांचा तुकडा जपून ठेवा, आणि लेबलवरचं मिश्रण लिहून ठेवा. कापडबाजारात जाताना तोच तुकडा न्यायचा आणि डोळे मिटून बोटांनी तुलना करायची. कमी गर्दीची वेळ गाठा, म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या. एका फेरीत एकच काम ठेवा. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड पूर्ण बाहीच्या कुर्त्याला पुरतं. आधी तेवढंच घ्या, तीन वेळा धुवा, एक कुर्ता शिवून दोन तास घरात, मग एक पूर्ण दिवस ऑफिसात घालून बघा. पसंत पडलं तर त्याच ताग्यातलं बाकीचं कापड लगेच उचला. पुढच्या ताग्याचा पोत तोच असेल याची खात्री दुकानदारालाही नसते. सातही कुर्ते एकदम बदलू नका. जुने अजून धडके असतानाच दर महिन्याला एक नवा रांगेत घाला.

आता नटण्याविषयी. साचा आणि कापड कायम ठेवलं की रंग हवा तितका बदलता येतो, कारण कातडीला रंग कळत नाही. पांढऱ्या मलमलचा वा केंब्रिकचा पूर्ण थान आणून घरच्याघरी किंवा रंगाऱ्याकडून सात रंगांत रंगवून घेतलात तर सात वेगळे कुर्ते होतील आणि अंगाला एकच कुर्ता लागेल. रंगवल्यावर पुन्हा दोन-तीनदा धुवावं लागेल. खण थोडा करकरीत असतो आणि त्याच्या काठाची उलटी बाजू टोचते, म्हणून त्याचा योक (खांदा-छातीवरचा जोडतुकडा) किंवा खिसा वरून लावायचा, आत मलमलचं अस्तर द्यायचं, आणि शिवण अस्तराच्या आत बंद करायची. इरकलचा काठ घेराला लावा, गळ्याला आणि मनगटाला नको. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांचं कापड तुमच्या डोळ्यांपुढे नाचत असेल तर ते इतर कुणी कितीही छान म्हटलं तरी घेऊ नका. बोटांना चाळा लागत असेल तर गुळगुळीत लाकडी मण्यांची लांब माळ घाला. ती दागिना म्हणून दिसते आणि मीटिंगमध्ये हातांना कामही देते.

सासूबाईंना 'मला आवडत नाही' असं सांगू नका, कारण ते खरं नाही. 'आई, मला नटायला आवडतं, पण कपड्यावरची जर अंगाला लागली की माझं लक्ष दुसरीकडे जातच नाही. माझ्यासोबत खणाचा रंग निवडायला याल का?' असं विचारून बघा. हे त्यांना दिलेलं खरं काम आहे, आणि दुकानात दुकानदाराशी बोलायचा भार त्या उचलतील. ऑफिसात ठरावीक पोशाखाची सक्ती असेल तर एचआरकडे समान संधी धोरणाची प्रत मागा. २०१६ च्याच कायद्याचं कलम २१ असं धोरण ठेवायला सांगतं, आणि खासगी कंपन्याही त्यात येतात.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा. मेमध्ये त्याची मुंज ठरते आहे. रेशमी सोवळं, मुंडावळ्या, जानवं, केस कापणं, हे सगळं त्याला कसं झेपेल?
– एक आई-वडील, कोल्हापूर

गुरुजींकडून विधींचा क्रम लिहून घ्या. कुठे कपडे बदलायचे आणि कोणता भाग आटोपता घेता येतो हे आधीच विचारा, आणि प्रत्येक टप्प्याचं चित्र मुलाला महिनाभर आधीपासून दाखवा.

सोवळं नेसवलेलं नको, नाड्याचं शिवलेलं घ्या. ते मऊ सुती कापडाचं, अनेकदा धुतलेलं असावं. रेशमीच हवं असा घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल तर आतून मलमलचं पूर्ण अस्तर लावा आणि नेफ्यात इलॅस्टिकऐवजी रुंद सुती नाडा घाला. लंगोटीच्या आत त्याची रोजची चड्डी राहू द्या. उपरणं खांद्यावरून घसरत राहतं आणि दर वेळी सावरायला कुणाचा तरी अचानक हात लागतो. आत लपेल असा एकच टाका घालून ते सोवळ्याला अडकवा.

मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी गालांना लागतात आणि डोळ्यांच्या कडेला हलत राहतात. फक्त कपाळावरची पट्टी ठेवा, लोंबत्या सरी काढा किंवा कानांमागे बांधा, आणि मंगलाष्टकांपुरत्याच घाला. जानव्याचं सूत नवं असताना खरखरीत असतं. आधी दुसरं तसंच सूत कोमट पाण्यात भिजवून, चोळून, वाळवून सरावाला द्या. त्याला गुदगुल्या होत असतील तर मुंजीच्या दिवशी बनियनवरून घालता येईल का, हे गुरुजींशी बोलून ठेवा.

केसांचं यंत्र कंप पावतं आणि कानाजवळ आवाज करतं, म्हणून केस आदल्या दिवशी घरी, कात्रीने, थोडे थोडे कापा. लगेच डोक्यावरून अंघोळ घाला, नाहीतर मानेवर राहिलेले बारीक केस दुसऱ्या दिवशी सोवळ्यात टोचत राहतील. मंडपात गुरुजींच्या जवळपास एक पिशवी ठेवा. तिच्यात त्याचा रोजचा टी-शर्ट, चड्डी, हेडफोन आणि पाणी असू द्या. फोटो लवकर उरकून घ्या, आणि भिक्षावळ झाली की त्याला लगेच आपल्या कपड्यांत येऊ द्या.